जुना आरसा, नवा डोळा

(मढ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



मालाड स्टेशनाबाहेर २७१ नंबरची बस पकडून मी आज दुपारीच इथे पोहोचलो आणि दिवेलागणीपर्यंत बंदरावर बसून राहिलो. समोर एक बोट नुकतीच लागली होती. खणातून मासळीच्या पाट्या वर येत होत्या. या हातातून त्या हातात, तिथून पुढच्या हातात, असं करत काट्यापाशी. मोजणारा माणूस एकच. तो जागचा हलत नव्हता, पाट्याच रांगेने त्याच्याकडे येत होत्या. ते पाहिलं आणि आजचा विषय कुठून सुरू करायचा ही माझी चिंता मिटली. आजच्या वेधशाळांमधला कॅमेरा नेमका असाच चालतो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून एवढं कळलं, की शाळेतला जुना सूक्ष्मदर्शक अडून बसला की गुरुजी तो स्वतः खोलत, भिंगं पुसत, स्क्रू बदलत आणि पुन्हा वर्गात आणत. नवा कधी मिळेल याची वाट त्यांनी पाहिली नाही. म्हणून आज मी नव्या दुर्बिणींबद्दल फार बोलणार नाही. असलेल्या दुर्बिणीला नवा डोळा बसवणाऱ्या माणसांबद्दल बोलणार आहे.

सुरुवात पुण्यापासून करू. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून देणगी मिळवली, मुंबई सरकारने तीत भर घातली आणि १८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. आरसा काचेचा, वर चांदीचा मुलामा. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची माणसंही त्याच ग्रहणासाठी जेऊरला उतरली होती. जेऊरच्या त्या माळरानावर एक भारतीय प्राध्यापक स्वतःची तुकडी घेऊन सूर्याच्या प्रभामंडळाचा वर्णपट काचेवर टिपत उभा होता, ही गोष्ट आपल्या शाळांतून का सांगितली जात नाही हे मला कधीच कळलेलं नाही.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्यामागे वेधशाळाही मिटली. उपकरणं कोडईकनालला गेली. ती दुर्बीण तिथे कित्येक वर्षं जवळजवळ पडून होती. पुढे ती पुन्हा उभी राहिली, तिला 'भावनगर दुर्बीण' हे नाव मिळालं, आणि १९८० च्या दशकात हिमालयात मोठी दुर्बीण कुठे बसवावी याची पाहणी चालू असताना तिला थेट लेहला नेलं गेलं. पुण्यात ज्या आरशाने काम सुरू केलं, तो जवळपास शंभर वर्षांनी लडाखच्या थंडीत तारे गोळा करत होता! काच म्हातारी होत नाही. तिच्यावरचा मुलामा काळवंडतो, तिच्या मागचा डोळा जुना होतो. मुलामा नवा करणं आणि डोळा बदलणं ही दोन्ही कामं वेळच्या वेळी करणारं कुणी उरलं नाही, की दुर्बीण मरते.

मुलामा म्हणजे काय, हे मी स्वतःच्या आरशावर शिकलो. १९९० नंतर मालाडच्या आमच्या दोन खोल्यांत, तेलाच्या रिकाम्या पिंपावर जाड काच ठेवून, भोवती गोल गोल फिरत मी सहा इंची आरसा घासला. आधी जाडी पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी डांबराच्या गादीवर पॉलिश. आई म्हणायची, पोराला देवळातल्या प्रदक्षिणा कमी पडल्या. पृष्ठभाग मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापर्यंत बिनचूक लागतो, आणि तो हाताने साधता येतो, यावर स्वतः केल्याशिवाय विश्वास बसत नाही. मग तो आरसा मी अॅल्युमिनियमचा लेप चढवायला एका ठिकाणी दिला. परत आला तेव्हा काठाशी कुणाच्या तरी बोटाचा ठसा लेपाखाली कायमचा गोठला होता. मी तसाच वापरला. पण मालाडच्या खाडीवरून येणारा खारा वारा काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या बोटीच्या खिळ्यांना विचारा. चार पावसाळ्यांत लेपाला बारीक बारीक भोकं पडली. तो लेप असतो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा जाड. मोठ्या वेधशाळांतही तो कायमचा नसतो. ठरावीक काळाने आरसा उतरवायचा, जुना लेप रसायनाने धुऊन काढायचा आणि निर्वात टाकीत नवा चढवायचा, हे चक्र चालूच ठेवावं लागतं. काही टनांचा एकुलता एक आरसा क्रेनला लटकत असतो तेव्हा खाली उभ्या असलेल्यांपैकी कुणी मोठ्याने बोलतही नाही.

आता डोळ्याकडे येऊ. नायगमवालांच्या काळी डोळा म्हणजे फोटोची काच. या काचेवर शंभर प्रकाशकण पडले तर त्यांतले एखाद-दोनच नोंदले जातात. बाकीचे, हजारो वर्षं प्रवास करून आलेले, वाया जातात. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी नावाची सिलिकॉनची चकती सुचवली. त्यासाठी २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. चांगली सीसीडी शंभरातले नव्वद कण धरते.

इथे मला तुमच्याबरोबर एक हिशोब मांडायचा आहे. दोनाचे नव्वद झाले, ढोबळ मानाने पन्नासपट धरा. पन्नासपट प्रकाश हवा असेल आणि डोळा जुनाच ठेवायचा असेल, तर आरशाचं क्षेत्रफळ पन्नासपट करावं लागेल, म्हणजे रुंदी सुमारे सातपट. नायगमवालांचा आरसा ५० सेंटिमीटरचा. सातपट केला की साडेतीन मीटर. नैनितालजवळ देवस्थळला २०१६ साली सुरू झालेली आपली मोठी दुर्बीण आहे ३.६ मीटरची. म्हणजे नुसता प्रकाश किती धरला एवढंच पाहिलं, तर पुण्याच्या त्या जुन्या आरशामागे आजची चकती बसवणं म्हणजे जुन्या काचा वापरून देवस्थळएवढी दुर्बीण बांधणं! हिशोबात बऱ्याच गोष्टी मी बाजूला ठेवल्या आहेत. आकाशाची स्वतःची उजळी आहे, हवेची थरथर आहे. शिवाय फोटोची काच एका दमात केवढंतरी मोठं आकाश टिपायची, तेवढी मोठी सीसीडी बनवायला पुढे बराच काळ जावा लागला. तरीही हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर काढला त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

सीसीडी चालते कशी, ते तुम्ही रोज बंदरावर पाहता. चकतीवर बारीक चौकटींच्या ओळी असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक चौकट म्हणजे एक पाटी. प्रकाशकण पडला की तिथे एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि पाटीत जमा होतो. शटर बंद झालं की पाट्या सरकू लागतात, या चौकटीतून त्या चौकटीत, ओळीच्या टोकापर्यंत. तिथे मोजणारा एकच. आंबेगाव तालुक्यात गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे. २००६ च्या मे महिन्यात भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तिच्या मुख्य कॅमेऱ्यातल्या चकतीवर अशा २०४८ ओळी आणि प्रत्येक ओळीत २०४८ पाट्या, म्हणजे जवळजवळ ४२ लाख. एकेक पाटी मिलिमीटरच्या सत्तराव्या भागापेक्षाही लहान. एवढ्या पाट्या हातोहात सरकवायच्या आणि वाटेत एक कोलंबीही सांडू द्यायची नाही.

सगळ्या पाट्या सारख्या मापाच्या नसतात, हे तुम्हाला माहीत आहे. चौकटींचंही तसंच. एखादी जास्त धरते, एखादी कमी. म्हणून तिन्हीसांजेला, सूर्य बुडाल्यावर आणि तारे दिसायच्या आधी, दुर्बीण मोकळ्या आकाशाकडे करून एकसारख्या उजेडाचे फोटो घेतात आणि रात्रीचं प्रत्येक चित्र त्यांनी भागतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत निरीक्षकाशी कुणी बोलू नये. त्याची घाई भरतीच्या तोंडावर बोट काढणाऱ्या तांडेलाइतकी असते.

आणि बर्फ. बर्फ घेतल्याशिवाय बोट निघत नाही. कॅमेऱ्यालाही थंडी लागते, कारण चकती उबदार असली तर उजेड नसतानाही निव्वळ उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात आणि न पकडलेली मासळी पाटीत दिसू लागते. म्हणून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनची टाकी कॅमेऱ्याला जोडून चकती उणे शंभरच्या आसपास ठेवतात. टाकी भरायला कुणीतरी वेळेवर डोंगर चढून गेलंच पाहिजे, पाऊस असो की दिवाळी. शोधनिबंधाच्या लेखकांत या माणसाचं नाव क्वचितच असतं.

आता मुंबईकडे येतो, कारण या गोष्टीतलं मला सर्वांत भावणारं काम आपल्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला झालं आहे. कुलाब्याला नेव्हीनगरात, समुद्राला लागून, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथून तारे बघणं अशक्यच, तुमच्या बंदरावरून मृग तरी दिसतो. पण तिथली माणसं गेली कित्येक वर्षं अवरक्त प्रकाशाचे कॅमेरे बांधत आली आहेत. अवरक्त म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा, उबेच्या रूपाने जाणवणारा प्रकाश. तारे जिथे जन्मतात त्या धुळीच्या ढगांतून साधा प्रकाश बाहेर पडत नाही, अवरक्त पडतो. अडचण अशी की उबदार वस्तू सगळ्याच अवरक्तात चकाकतात. दुर्बीण चकाकते, घुमट चकाकतो, निरीक्षकाचा हात चकाकतो. पेटती बत्ती डोळ्यांसमोर धरून लांबचा काजवा शोधण्यासारखं आहे हे.

या संस्थेचा पहिला असा कॅमेरा, टिरकॅम, त्याच्या चकतीवर ५८ गुणिले ६२ चौकटी होत्या, साडेतीन हजारांच्या वर थोड्या. त्याने अबूच्या गुरुशिखरावरच्या १.२ मीटरच्या दुर्बिणीवर काम केलं. दुसरा, टिरकॅम-दोन, याच्यात ५१२ गुणिले ५१२, म्हणजे अडीच लाखांहून जास्त. त्याची चकती इंडियम अँटिमोनाइडची. ती हेलियमच्या बंद चक्रावर चालणाऱ्या शीतकाने उणे २३८ अंशांपर्यंत थंड करतात. हा कॅमेरा आधी गिरवलीच्या २ मीटर आरशामागे बसला. पुढे तोच खोलून, बांधून देवस्थळला नेला आणि ३.६ मीटरच्या आरशामागे बसवला. गिरवलीत त्याची एक चौकट आकाशाचा ०.२७ विकला (कोनाचं अगदी बारीक माप) भाग पाहायची, देवस्थळला ०.१६९ विकला. नजर अरुंद झाली, पूर्ण चंद्राच्या रुंदीत अशी वीस चित्रं शेजारी शेजारी बसतील. पण ती बारीकही झाली. शिवाय देवस्थळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,४५० मीटर उंच. अवरक्त प्रकाश गिळणारी हवेतली वाफ तिथे कमी, त्यामुळे तीन मायक्रॉन तरंगलांबीच्या पलीकडचंही पाहता आलं. एकच डोळा, त्याला मोठं बुबुळ आणि कोरडी हवा मिळाली.

याच संस्थेने २०१३ साली लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणीला टिरस्पेक हा वर्णपटमापक दिला, त्यात चौकटी दहा लाखांवर. २०१९ मध्ये देवस्थळला टॅनस्पेक हा आणखी एक वर्णपटमापक बसला. साडेतीन हजारांपासून इथवर यायला दोन दशकं लागली. चकत्या परदेशातून आणाव्या लागतात, हे खरं. पण चकतीभोवतीचं सगळं, म्हणजे गोठवणारी टाकी, गाळण्यांचं चाक, तारा, आज्ञावली, आणि हे सगळं थंडीत आकसलं तरी रेषेत कसं राहील याचा विचार, हे कुलाब्यात शिकलं गेलं. खरी कमाई मी त्या शिक्षणाला मानतो. चकती दहा वर्षांत जुनी होते, शिकलेला हात होत नाही.

कुलाब्याचं नाव निघालंच आहे तर एक जुनी आठवण. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. १८५९ च्या सप्टेंबरातलं प्रचंड सौर वादळ तिथल्या नोंदवहीत उतरलं आणि आजही जगभरचे अभ्यासक ती पानं वापरतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकमापकं बिघडणार हे दिसत होतं. तेव्हा संचालक होते नानाभाई फ्रामजी मूस. त्यांनी अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत नवी वेधशाळा उभारली आणि १९०४ पासून नोंदी तिथे होऊ लागल्या. ट्राम आली, गेलीही, अलिबागच्या नोंदी चालू आहेत. उपकरण वाचवायचं तर कधी गाव सोडावं लागतं, आणि ते वेळेआधी ओळखावं लागतं.

पण डोळा बदलण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रयोग नारायणगावजवळ खोडदला झाला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा मधोमध, उरलेल्या सोळा तीन हातांवर पंचवीस किलोमीटरपर्यंत, द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांत. तबकडी भरीव पत्र्याची नाही, ताणलेल्या तारांच्या जाळीची. रेडिओ लहरी लांब असतात, त्यांना जाळी पुरते. जाळीत काय अडकतं आणि काय सुटतं, याचा हिशोब तुमच्यापेक्षा चांगला कोण जाणतो?

२०१० नंतरच्या दशकात या तबकड्या होत्या तिथेच ठेवून त्यांच्या मागचं जवळजवळ सगळं बदललं. केंद्राशी बसणारे संवेदक, वर्धक, संदेश वाहून नेणारं प्रकाशतंतूंचं जाळं, आणि तीस तबकड्यांचे संदेश जोडणारं संगणकयंत्र. आधी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीची पट्टी ऐकू येई, आता ४०० पर्यंत. आणि महत्त्वाचं म्हणजे दुर्बीण बंद न करता. एकीकडे वर चढून काम, दुसरीकडे त्याच तबकड्यांवर निरीक्षणं, जुनी आणि नवी यंत्रणा शेजारी शेजारी. चालत्या बोटीचं इंजिन बदलायचं आणि मासेमारीही चुकवायची नाही, असं ते होतं.

या बदलातून काय साधलं? विश्वात काही मेलेले तारे घड्याळासारखे ठोके देत फिरतात, त्यांना पल्सार म्हणतात. अवाढव्य कृष्णविवरांच्या जोड्यांमुळे उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी या ठोक्यांना सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशाने मागेपुढे करतात. पण वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळेही ठोके उशिरा येतात, आणि हा उशीर कमी कंपनसंख्येला सर्वांत जास्त असतो. त्यामुळे तो नेमका मोजायला कमी कंपनसंख्येची रुंद पट्टी ऐकणारा कान लागतो. तो खोडदला होता. २९ जून २०२३ ला जगभरच्या गटांनी या लहरींच्या खुणा जाहीर केल्या, तेव्हा युरोपातल्या गटाबरोबर भारतीय गटाची खोडदची निरीक्षणं त्यात होती. तबकड्या १९९० च्या दशकातल्याच.

आपल्या उपनगरातलंही एक काम सांगायलाच हवं. पवईच्या आयआयटीने भारतीय ताराभौतिकी संस्थेबरोबर हानलेला ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण २०१८ मध्ये सुरू केली. आरसा माझ्या आरशाच्या जेमतेम साडेचारपट रुंद. पण मागचा कॅमेरा १ कोटी ६० लाखांहून अधिक चौकटींचा, पूर्ण चंद्र एका चित्रात मावून उरेल एवढ्या नजरेचा. आणि ती स्वतःहून चालते. आकाशात कुठे स्फोट झाल्याची खबर आली की काही मिनिटांत तिकडे वळते. पवईच्या वसतिगृहात चहा पिणारी मुलं सकाळी चित्रं उघडतात.

आता जे मला टोचतं ते बोलतो. नव्या दुर्बिणीला कोनशिला असते, फीत असते, पाहुणे असतात. जुन्या दुर्बिणीचा कॅमेरा बदलायला, लेप नवा करायला, शीतकाचा सुटा भाग आणायला पैसे मागितले, की 'आहे ते चालतंय ना?' हा प्रश्न येतो. चालतंय, पण शंभरातले कितीतरी कण सोडून देत चालतंय. त्याहून वाईट म्हणजे, हे काम करणारा तंत्रज्ञ निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हाताखाली कुणी तयार झालेलं नसतं. नायगमवालांमागे पुण्यात नेमकं हेच घडलं. एकदा घडलेलं पुन्हा घडू द्यायला आपल्याकडे कारण नाही.

आणि अंधार. केवढाही चांगला डोळा बसवा, आकाशच उजळलं तर तो उजेडच मोजत बसेल. समुद्रात एलईडी दिवे टाकून मासळी ओढण्यावर २०१७ साली बंदी आली, कारण त्या झोताने लहान मच्छीमाराचं पोट मारलं जात होतं. जमिनीवरच्या त्याच दिव्यांनी आमचं आकाश मारलं आहे. खगोल मंडळाबरोबर कर्जत लोकलने वांगणीला जाऊन मी रात्री जागवल्या, तेव्हा आकाशगंगा दिसायची. आता तिथेही पश्चिमेचं क्षितिज पिवळं झालं आहे. पण पेंचच्या जंगलाला २०२४ मध्ये काळोख्या आकाशाच्या उद्यानाचा दर्जा मिळाला, आपल्याच विदर्भात. तिथल्या गावांनी दिवे खाली वळवले. दिवा वर उजळला तर कुणाची वाट उजळते? अमावस्येचं उधाण तुमच्या डोल जाळ्यांना हवं असतं, तीच काळोखी रात्र आम्हाला हवी असते. आपलं पंचांग एकच आहे.

आजही कृष्णपक्ष आहे, चंद्र उशिरा येईल. गावातल्या मुलांनी बंदराच्या वाटेवरचा मोठा दिवा साडेनऊपासून अर्धा तास बंद ठेवायची व्यवस्था केली आहे, त्यांचे आभार. माझी सहा इंची दुर्बीण खाली वाळूत उभी आहे. आरसा तोच, बोटाच्या ठशाचा, लेप मात्र तिसऱ्यांदा चढवलेला, आणि मागे गेल्या दिवाळीत घेतलेला छोटा कॅमेरा. मृगाच्या बाणाचे तीन तारे आहेत ना, त्यांच्या जरा खाली एक तेजोमेघ आहे. कुलाब्याचे कॅमेरे ज्या तऱ्हेच्या ढगांत शिरतात, त्यातलाच. तो पडद्यावर आधी धुरकट दिसेल, मग पाट्या भरत जातील तसा हळूहळू उमटेल. चपला हातात घेऊन या, ओहोटी लागली आहे आणि वाळू अजून ओली आहे.